एक छेद बारा

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

आज मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराईचा पुतळा मिरवून जाळतात ती. महाल भागात गर्दी फार, म्हणून गेलो नाही. टीव्हीवर पाहिली. लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत. मीही खिडकीत उभा राहून हळू आवाजात तीन जिन्नस तिच्यासोबत पाठवून दिले: आळस, तर्री-पोहे आणि राग. (रागाबद्दल कामिनीचं म्हणणं आहे. माझं नाही. पण पाठवायला काय जातं.)

आजपासून नवीन माणूस.

संध्याकाळी कोपऱ्यावर तर्री-पोहे खाल्ले. मारबत जळेपर्यंत जुना माणूस चालतो.

२४ ऑगस्ट, रविवार

कामिनीला फोन केला. ती धुळवडीनंतर रामटेकला गेली आहे, माहेरी. आईचा गुडघा दुखतो म्हणून. थोड्या दिवसांसाठी. जाताना स्वेटर, दोन्ही शाली, शिलाई मशीन आणि डिग्रीची फाइल नेली. मार्चमध्ये स्वेटर कशाला, असं एखाद्याला वाटेल. रामटेकला टेकडी आहे. टेकडीवर गारवा असतो. मशीन आईचे परकर शिवायला. फाइल नेली ते बरंच झालं, आपल्याकडे वाळवी फार.

बोलणं छान झालं, थोडक्यात. मी सांगितलं, यंदा सोसायटीच्या गणपतीत रोज एका घराला आरतीचा मान आहे आणि मान चिठ्ठीने ठरणार. जोडीने उभं राहायचं असतं. आपला नंबर लागला तर तुला यावं लागेल. ती म्हणाली, ‘‘लागू तं द्या नंबर. मग पाहू.’’

‘पाहू’ म्हणाली. ‘नाही’ म्हणाली नाही. आमच्या बावीस वर्षांच्या संसारात तिच्या ‘पाहू’चा अर्थ ‘हो’ असाच होत आला आहे. निदान मी तरी तसाच धरत आलो आहे.

म्हणजे प्रश्न राहिला फक्त चिठ्ठीचा. चिठ्ठी म्हणजे संभाव्यता. आणि या बिल्डिंगमध्ये संभाव्यता म्हणजे मी.

२५ ऑगस्ट, सोमवार

क्लास. सगळे क्लासवाले दहावीचा संभाव्यतेचा धडा शेवटी घाईघाईत उरकतात. मी आधी घेतो. त्यामुळे माझ्याकडे विद्यार्थी कमी पण पक्के असतात. सध्या दोन आहेत. रजत, आणि खालच्या मजल्यावरच्या शोभाताईंची रितिका. तिसरा होता बंटी, तो मोबाइलवरच्या कुठल्या तरी ॲपवर शिकतो आता. कळेल त्याला.

आज फक्त नमुना अवकाश घेतला. फळ्यावर मोठा S काढला, महिरपी कंस काढला. सांगितलं, पोरांनो, उत्तराच्या मागे धावू नका. आधी जे जे घडू शकतं ते सगळं या कंसात लिहा. आवडतं ते लिहा, नाही आवडत तेही लिहा. रितिकाने विचारलं, ‘‘सर, एखादी निष्पत्ती लिहाची सुटून गेली तं?’’ मी म्हटलं, तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चूक. शून्य मार्क. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही, हेही सांगितलं. मुलांसमोर आदर्श असावा लागतो.

मग दोन नाणी. रजतने तीनच निष्पत्ती लिहिल्या: दोन्ही छाप, दोन्ही काटा, एक छाप एक काटा. मी म्हटलं, चार! पहिल्यावर छाप दुसऱ्यावर काटा, ही एक. पहिल्यावर काटा दुसऱ्यावर छाप, ही वेगळी. तो म्हणाला, ‘‘एकच तं हाय न सर, काय फरक पडून राहिला?’’ मग मला जरा समजावून सांगावं लागलं. समजावणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असं नंतर शोभाताई म्हणाल्या.

घरगुती उदाहरणही दिलं. नवरा-बायकोत एक बोलतोय, एक गप्प आहे. नवरा बोलतोय बायको गप्प, ही एक निष्पत्ती. बायको बोलतेय नवरा गप्प, ही दुसरी. दुसरीचं प्रत्यक्ष उदाहरण मला पटकन आठवेना, म्हणून पुढे गेलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

रजतच्या आईचा मेसेज. रजतला थोडे दिवस घरीच अभ्यास करू दे म्हणतात. चांगलं आहे, सेल्फ स्टडी हवाच.

आज मोठं काम केलं. चिठ्ठ्या. शोभाताई आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. त्या फ्लॅटचे नंबर लिहून मोकळ्या होणार होत्या. मी अडवलं. म्हटलं, नंबर काय कामाचा? आरतीला घरातलं कोण उभं राहणार ते कळलं पाहिजे. कुठे म्हातारा-म्हातारी असतात, कुठे मुलगा-सून. ‘‘मंग करा न जी सर तुमीच,’’ त्या म्हणाल्या. केलं.

शास्त्रशुद्ध पद्धत. वरून सुरुवात, तिसरा मजला. प्रत्येक दाराची बेल वाजवायची, दार उघडलं की विचारायचं, तिथेच उभं राहून चिठ्ठी लिहायची: श्री. व सौ. अमुक. चौकोनी कागद, एकाच मापाचे, चार घड्या. ऐकीव माहितीवर एकही चिठ्ठी लिहिली नाही. दुसरा मजला, मग पहिला. तीन मजले, मजल्याला चार घरं, n(S) बरोबर बारा. डब्यात टाकून झाकण लावून शोभाताईंना दिला. त्यांनी विचारलं, ‘‘मोजून घेऊ का सर?’’ मी हसलो. गणिताच्या माणसाला मोजावं लागत नाही.

नियमही मीच करून दिले. आज ज्याची आरती, त्याने उद्याची चिठ्ठी काढायची. काढलेली चिठ्ठी परत डब्यात नाही. नोटीस बोर्डावर टाचायची.

पहिली चिठ्ठी खालच्या फ्लॅटची निघाली. ठीक. माझी संभाव्यता होती एक छेद बारा. घाई नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा आले. पार्किंगमध्ये मांडव.

आता नमुना अवकाश आक्रसला. एक छेद अकरा. वॉट्सॲपवर कामिनीला पाठवलं: ‘आज १/११. वाढत आहे.’ तिलाही कळायला हवं की परिस्थिती आपल्या बाजूने सरकते आहे. दोन टिक आल्या. निळ्या झाल्या नाहीत. रामटेकला नेटवर्क कमी.

नंबर आपला नव्हता.

२८ ऑगस्ट, गुरुवार

नाही.

दूध फाटलं. रोज एक लिटर घेतो, दोघांच्या मापाचं. कमी करायला सांगितलं असतं, पण ती आल्यावर परत वाढवा, परत दूधवाल्याला समजावा. त्यापेक्षा फाटलेलं बरं. पनीर करायचं ठरवलं. युट्यूबवर पाहिलं. पनीर झालं नाही. जे झालं ते खाल्लं.

३० ऑगस्ट, शनिवार

काल नाही. आज नाही. एक छेद आठवर होतो.

घर आवरायला घेतलं. ती अचानक आली तर वेळेवर धावपळ नको. हॉल झाडला. फळा पुसला. बेडरूममध्ये तिच्या बाजूच्या कपाटात माझी परीक्षेची जुनी पेपरं ठेवली होती, ती काढून परत माझ्या बाजूला आणली. माझ्या बाजूला जागा नाही. पलंगावर ठेवली. मी दिवाणवर झोपतो आहे, तात्पुरता.

तिच्या कपाटात एक हँगर राहिला आहे. म्हणजे सगळं नेलेलं नाही.

आरतीला मांडवात गेलो. जोडीने ताट धरतात, एकाचा हात थरथरला तर दुसरा सावरतो. टाळ माझ्या हातात होता. मागे उभा होतो. कोणी तरी विचारलं, मॅडम? म्हटलं, येतीलच, नंबरवर आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

एक छेद सात होता. आज जवळजवळ खात्री होती. सकाळी नाकाच्या उजव्या बाजूला खाज आली. (हे शास्त्र नाही, निरीक्षण आहे.)

चिठ्ठी निघाली गिरिधरभाऊंच्या शेजाऱ्यांची. गिरिधरभाऊ म्हणजे आमचे चेअरमन, तिसऱ्या मजल्यावर राहतात, खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर. त्यांचाही नंबर अजून लागलेला नाही, पण त्यांना काही वाटत नाही. मला म्हणाले, ‘‘काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले मास्तर? लागला तं लागला, नाही तं प्रसाद तं भेटूनच राहिला.’’

त्यांना काय. त्यांची बायको त्यांच्या शेजारीच उभी होती.

१ सप्टेंबर, सोमवार

आज महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण. कामिनीच्या माहेरी असतात. फोन केला. तिच्या वहिनीने उचलला. ‘‘ताई पुरणात हायत, हात गुतले हायत,’’ म्हणाली. मागून हसण्याचे आवाज येत होते, भांड्यांचे आवाज येत होते. त्यात एक हसणं कामिनीचं होतं. मला ओळखू येतं. बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, म्हणून ओळखायला थोडा वेळ लागला एवढंच.

पुरणाचे हात. मग नंतर करेल. फोन जवळ ठेवला. हात धुवायला किती वेळ लागतो याचा नमुना अवकाश मांडू नये.

नंबर नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

रितिका एकटीच येते क्लासला. वन टू वन शिकवण्याचे फायदे तिला सांगितले. तिने फाशाचं गणित केलं, दोन फासे, छत्तीस निष्पत्ती. एकही सोडली नाही. शाबासकी दिली. जाताना तिने विचारलं, ‘‘सर, हे भिंतीवर काय लावलं हाय?’’

मी हॉलमध्ये तक्ता लावला आहे. तारीख, आणि त्यापुढे माझी संभाव्यता. एक छेद बारापासून सुरू, खाली उतरत जातो तसा आकडा वाढत जातो. म्हटलं, हा माझा ग्राफ आहे. म्हणाली, ‘‘मस्त हाय सर. पन उत्तर तं रोज नाहीच येऊन राहिलं न.’’ आईवर गेली आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

एक छेद चार. नाही.

आता संशय. अप्रिय आहे पण गणिती माणसाने डोळे मिटून चालत नाही. समसंभाव्य निष्पत्ती म्हणजे प्रत्येक चिठ्ठी सारख्या संधीची. पण डबा राहतो कुठे? शोभाताईंच्या फ्रिजवर. एखादी चिठ्ठी तळाशी चिकटली तर? ओल लागून जड झाली तर? कोणी मुद्दाम बोटाने बाजूला सारली तर? शोभाताईंचं माझ्याशी तसं वाकडं नाही, पण माझ्या समजावण्याचा आवाज खाली जातो, हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं आहे. मोटिव्ह आहे.

संकल्प: काही बोलायचं नाही. मारबतीसोबत राग पाठवलेला आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

बोललो.

शोभाताईंना सगळ्यांसमोर म्हटलं, आरतीनंतर डबा नीट हलवत चला, तीन चिठ्ठ्या उरल्यात, त्यातली एक माझी आहे. त्या काही तरी म्हणणार होत्या. गिरिधरभाऊंकडे पाहिलं. गिरिधरभाऊंनी नकारार्थी मान हलवली. दोघं सामील आहेत की काय?

डबा हलवला. चिठ्ठी निघाली, दुसऱ्या मजल्याची, माझ्या शेजारच्या फ्लॅटची. भिंतीच्या पलीकडे दैव येऊन गेलं.

पण विचार केला तर उत्तम झालं. आता दोनच घरं उरली, गिरिधरभाऊंचं आणि माझं. उद्या शेवटची चिठ्ठी, आणि तीही विसर्जनाच्या आरतीची, सगळ्यात मोठ्या मानाची. एक छेद दोन. छाप-काटा. आजवर इतकं जवळ कोणी आलं नसेल.

कामिनीला मेसेज: ‘उद्या १/२. तयारीत राहा. हिरवी साडी तिकडे आहे का इकडे?’

इकडे नाही. पाहिलं मी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी केस कापले. धोतर धुतलं. पेढे आणले. आपल्यालाच मान मिळाला तर ऐनवेळी पळापळ नको.

(रात्री)

आरती झाली. माझ्या शेजाऱ्यांनी झाकण काढलं आणि थांबले. म्हणाले, ‘‘एकच हाय.’’

मी म्हटलं, दोन आहेत. नीट पाहा. त्यांनी डबा उपडा केला. एकच चिठ्ठी सतरंजीवर पडली. चार घड्या. उघडली. श्री. व सौ. गिरिधर.

मग मी बोललो. बरंच बोललो. चोरी झाली, पक्षपात झाला, चिठ्ठी गहाळ केली, मी बारा लिहिल्या होत्या, माझ्या हाताने. नोटीस बोर्डाकडे नेलं सगळ्यांना. टाचलेल्या दहा आणि ही एक. अकरा. सगळी अक्षरं माझी. मला वाटतं मी टाळ आपटला.

शोभाताई हळू बोलल्या. त्या हळू बोलतात ते मला कधीच आवडलेलं नाही. म्हणाल्या, ‘‘सर, अकराच होत्या जी. तुमी डबा देऊन गेले त्याच दिवशी मोजल्या मी. आमाले वाटलं, मॅडम नाहीत, म्हून तुमीच तुमची टाकली नाही. मंग कसं विचाराचं? म्हून कोनी बोललं नाही.’’

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अकरा दिवस. मी रोज पुढे होऊन उभा राहायचो, आणि ते रोज मला उभं राहू द्यायचे.

गिरिधरभाऊ म्हणाले, ‘‘मास्तर, उद्या तुमीच करा आरती. आमची तं दरवर्षी असते. एकट्यानं केली तं बाप्पा काय नाही म्हनते का?’’

मी म्हटलं, प्रश्न आरतीचा नाही, तत्त्वाचा आहे. वर आलो. पेढे टेबलावर आहेत. मी बारा लिहिल्या होत्या.

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

(गिरिधरभाऊंच्या घरून. कॅलेंडरच्या पाठीमागे लिहितो आहे. वही घरात, घर कुलपात.)

दुपारी सगळे विसर्जनाला गेले. ढोल गेटपर्यंत ऐकू आला, मग नाही. बिल्डिंगमध्ये मी एकटा.

ठरवलं, प्रयोग पुन्हा करायचा. त्या दिवशी जसं केलं तसं, पायरी पायरीने. कुठे घोळ झाला ते सापडेल. बनियन आणि लुंगीवरच निघालो, कोण पाहतंय. तिसऱ्या मजल्यावर गेलो. प्रत्येक दारासमोर उभा राहिलो. इथे गिरिधरभाऊंनी दार उघडलं होतं, चहा विचारला होता, नाही म्हटलं होतं. इथे सुनेने उघडलं. दुसऱ्या मजल्यावर आलो. शेजाऱ्यांचं दार, बेल वाजवली होती, लिहिलं होतं. पलीकडचं दार, लिहिलं होतं. समोरचं दार, लिहिलं होतं. मग जिना, मग पहिला मजला.

जिन्यावरून परत वर आलो. चौथं दार माझं. त्याच्यासमोरून मी त्या दिवशी कागद-पेन घेऊन तसाच पुढे गेलो होतो. बेल वाजवायची, कोणी उघडलं की लिहायचं, अशी पद्धत होती. या दाराची बेल मी का वाजवीन? आत कोण होतं उघडायला?

अकराच लिहिल्या होत्या. मीच.

मग मी ती बेल वाजवली. का ते सांगता येत नाही. प्रयोग पूर्ण करायचा म्हणून असेल. आत टिंगटाँग झालं, रिकाम्या घरात ती बेल भलतीच मोठी वाजते. सहा महिन्यांत ऐकली नव्हती बाहेरून. मी थांबलो. खरंच थांबलो. पावलं येतील म्हणून कान दिला. मला फार एकटं वाटलं. हे कुठे लिहायचं नव्हतं, पण कॅलेंडर माझं नाही.

मग हँडल ओढलं. दार निघताना वाऱ्याने लागलं होतं. लॅच. किल्ली आत, मोबाइल आत, चपलासुद्धा आत.

जिन्यात बसून राहिलो. संध्याकाळी सगळे आले, गुलालात माखलेले. माझा अवतार पाहून कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गिरिधरभाऊ म्हणाले, ‘‘कुलूपवाल्याले बोलावू, पाच मिनिटांचं काम हाय.’’ तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसरी किल्ली कामिनीकडे आहे! म्हणजे तिला यावंच लागेल. चिठ्ठी नको, डबा नको. मी म्हटलं, कुलूपवाला नको, लॅच महागाचं आहे.

शोभाताईंच्या घरी जाऊन त्यांच्या फोनवरून लावला. पहिल्या रिंगला उचलला तिने. अनोळखी नंबर होता ना.

सांगितलं. सकाळच्या गाडीने ये म्हटलं, किल्ली घेऊन. ती म्हणाली, ‘‘कंडक्टरजवळ देऊन देईन. आपल्या गावचाच हाय. साडेआठले गाडी गणेशपेठले येते, घेऊन घ्या.’’

मग मी चिठ्ठीचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. म्हटलं, सगळ्यांच्या दाराची बेल वाजवली, आपल्याच दाराची राहिली. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, ‘‘इकडं बी बेल हाय न जी. मार्चपासून एकदा तरी वाजवाची होती.’’

रामटेकच्या घराला बेल बसवली आहे हे मला माहीतच नव्हतं. पूर्वी कडी होती. मी तसं म्हणालो. तिने फोन ठेवला होता.

शोभाताई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत होत्या.

आता गिरिधरभाऊंच्या हॉलमध्ये दिवाणवर. त्यांच्या बायकोने त्यांचा धुतलेला शर्ट दिला आहे. तक्ता मांडताना दर वेळी मी मनात दोनच निष्पत्ती धरत आलो: ती येईल, ती येणार नाही. रामटेक पन्नास किलोमीटर. दर अर्ध्या-पाऊण तासाला गाडी.

संकल्प: (पुढे जागा नाही. गॅस सिलिंडरची तारीख छापली आहे.)

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी गणेशपेठ स्टँड. गिरिधरभाऊंचा शर्ट, गिरिधरभाऊंच्या चपला, एक नंबर मोठ्या. गाडी वेळेवर आली. सगळे उतरेपर्यंत थांबलो. सगळे उतरले. शेवटी एक म्हातारी उतरली, तिच्यामागे कोणी नव्हतं.

कंडक्टरने खिशातून पुडी काढून दिली. औषधाच्या दुकानाची कागदी पुडी, रबर लावलेलं. आत किल्ली. नुसती किल्ली. तिच्या किल्लीला एक पितळेची छोटी घंटी होती, मीच आणली होती कधी तरी. ती काढून ठेवली आहे.

चिठ्ठी वगैरे नव्हती. पुडी दोनदा उलटी करून पाहिली.

आता दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.

मी तिथेच उभा होतो. कंडक्टर चहा पिऊन आला. गाडीची पाटी तीच होती, नागपूर-रामटेक. इंजिन सुरू झालं. त्याने दारातून विचारलं, ‘‘बसता का जी काका? वापस रामटेकलेच चालली गाडी. जागा हाय भरपूर.’’

खिडकीजवळच्या सगळ्या सीटा रिकाम्या होत्या. मी एक पाय पायरीवर ठेवला होता, हे खरं आहे. शर्ट दुसऱ्याचा, हातात काही नाही, दाढी वाढलेली. आणि जाऊन बेल वाजवली, दार उघडलं, तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते ठरलेलं नव्हतं. पूर्वतयारीशिवाय मी वर्गातही जात नाही.

म्हटलं, ‘‘नाही, आज क्लास आहे माझा. मुलं वाट पाहत असतील.’’

‘‘बरं जी,’’ म्हणाला तो, आणि घंटी वाजवली.

रिक्षाने घरी आलो. दारात एक लिटर दूध. किल्ली लावली, तिची. उघडलं. पेढ्यांना मुंग्या लागल्या आहेत. फळा पुसला, मोठा S काढला, कंस काढला, खडू हातात घेऊन बसलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. रितिका आली नाही. खाली जाऊन विचारणार होतो.

मग आठवलं. आज रविवार. रविवारी क्लास नसतो.